नारळावरचा हात

३ मार्च, सोमवार

मारलं! संदीपला मारलं. दोन दात पडले, ओठ फाटला. दात कॅन्टीनच्या फरशीवर पडलेले मी स्वतः बघितले — एक आख्खा, एक अर्धा.

डब्याने मारलं. हाताशी दुसरं काही नव्हतंच. पिशवीत तीन खणांचा स्टीलचा डबा होता, त्यात भात, आमटी आणि सुक्या बांगड्याची किसमूर. पिशवीचे बंद मनगटाला गुंडाळले आणि घातला तोंडावर. पहिला फटका त्याला कळलाच नाही, तो हसतच होता. दुसऱ्याला हसू गेलं. तिसरा कानाखाली बसला. मग डबा उघडला आणि भात सगळीकडे. त्यानंतर मुठीने मारत राहिले. किती मारले ते आठवत नाही.

विनायक सरांनी — आमचे खेळाचे सर — मागून कमरेला धरून उचललं, तेव्हा मी हवेत लाथा झाडत होते. एक त्यांच्या नडगीवर बसली. त्यांची तेवढी माफी मागितली.

प्राचार्यांनी कन्नडमधून विचारलं, का मारलंस? म्हटलं, मन झालं. पुन्हा विचारलं. पुन्हा म्हटलं, मन झालं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, बी.ए.चं शेवटचं वर्ष आहे तुझं, परीक्षा तोंडावर आली, पोलीस भरतीला बसायचं म्हणतेस ना? हो म्हटलं. वर्तणुकीचा दाखला खराब असलेली मुलगी पोलिसात घेतात का? नाही म्हटलं. मग आता तरी सांग, का मारलंस? मी छताकडे बघत बसले. तिथे कोळिष्टकं आहेत.

माझी चुलत बहीण रक्षिता कॅन्टीनच्या बाकावर तशीच बसून होती. तिच्या ओढणीवर माझी आमटी उडाली होती. पुसलीसुद्धा नाही तिने.

संध्याकाळी रक्षिता आणि मी गुंद गावात बसमधून उतरलो. पुढे आमच्या वाड्यापर्यंत, म्हणजे आमच्या वस्तीपर्यंत, जंगलातला रस्ता, आणि त्यावर एकच जीप — बाबुरावाची. बाबुराव म्हणजे रामनगरचा, संदीपचा बाप. जीप नागेश चालवतो, आमच्याच वाड्यातला, दहावीपर्यंत माझ्या वर्गात होता. तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "देवकी, तुला घेऊ नको म्हणून फोन आलाय." रक्षिता आत बसलेली, ती लगेच उतरायला लागली. मी तिला ढकलून परत बसवलं आणि चालत आले. वाटेत अस्वलाची ताजी विष्ठा. येऊ दे म्हटलं, आज त्याचंही नशीब खराब!

हात सुजलाय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

४ मार्च, मंगळवार

बाबांनी थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग बाहेर जाऊन गोठ्याच्या कुडाला टेकून उभे राहिले. आईने काही विचारलं नाही, चेपलेला डबा उखळात घालून मुसळाने ठोकून ठोकून सरळ केला. झाकण आता बसत नाही.

आता लिहिते. पान म्हणजे काही माणूस नव्हे. पानाला सांगणं हेही बोलणंच ठरतं का, ते झिलूआबांना विचारायला पाहिजे. विचारणार नाही.

जानेवारीत कॉलेजात गॅदरिंग झालं. रक्षिता — बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला — नाचात होती. मुली कपडे बदलत होत्या त्या खोलीच्या झरोक्यातून संदीपने तिचा व्हिडिओ काढला. मग तिला दाखवला. म्हणाला, मी जीपने आलो की पुढे माझ्याशेजारी बसायचं, बोलावलं की यायचं, नाहीतर सगळ्यांना पाठवतो. रक्षिता वाळत चालली. शेवटी मी तिला भिंतीशी उभी करून बोलतं केलं आणि घरात सांगितलं. मी म्हणत होते पोलिसात जाऊ. घरचे गेले देवळात.

आमच्या वाड्यात तंटा देवळाच्या पायरीवर मिटतो. झिलूआबा आमचे बुधवंत, म्हणजे वाड्याचे मुख्य. त्यांचा शब्द शेवटचा. ते देवापुढे नारळ धरतात. ज्यांचा तंटा त्यांनी नारळावर हात ठेवायचा, गाऱ्हाणं घालून झालं की आबा तो फोडतात. फुटला की गोष्ट संपली. पुन्हा तोंडातून काढायची नाही, भांडणात नाही, दारू पिऊन नाही, कोर्टात नाही. काढेल त्याच्या घराला बाधतं. बाबुराव आला, संदीपला घेऊन आला. संदीपने सगळ्यांदेखत व्हिडिओ पुसला आणि हात जोडले. रक्षिताने नारळावर हात ठेवला. तिच्या बाजूने आणखी कोण, विचारल्यावर मी ठेवला.

काल कॅन्टीनमध्ये संदीप एक शब्द बोलला नाही. नुसता फोन रक्षिताच्या तोंडासमोर धरला. तोच व्हिडिओ! पुसलेला नव्हताच, दुसरीकडे ठेवला होता. आणि हसला.

प्राचार्यांना एवढंच तर सांगायचं होतं. पाच वाक्यं. दात पाडायला हात वळला आणि सांगायला जीभ वळली नाही. मी काही फार देवभोळी नाही, उपास धरत नाही, पण जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. माझा हात होता त्या नारळावर.

६ मार्च, गुरुवार

नोटीस आली, कन्नडमध्ये. चौकशी होईपर्यंत निलंबित. कॉलेजच्या आवारात पाय ठेवायचा नाही. चौकशी सतरा तारखेला.

दुपारी बाबुराव आला. स्वतः जीप चालवत. संदीपच्या जबड्याचा एक्सरे घेऊन आला होता, अंगणात उन्हाकडे धरून बाबांना दाखवत होता — हे बघ, हितं, हितं. बाबा मान वर करून बघत होते, त्यांना त्यातलं काय कळणार? मी बाजूला लाकडं फोडत होते. मुद्दाम थांबले नाही. प्रत्येक घावाला बाबुरावाचं बोलणं तुटत होतं आणि तो परत पहिल्यापासून सुरू करत होता.

पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणाला, केस घातली तर पोरगी आत जाईल. पोलीसच व्हायचंय न्हवं तिला, पोलीसच न्हेतील. मी कुऱ्हाड हातात घेऊनच वळले.

"काय बघालीस गे?" बाबुराव म्हणाला. "कुऱ्हाड ठेव की खाली."

"तुमच्या पोराला इचारा, त्याच्या फोनात —"

एवढंच बोलले. बाबांचा उलटा हात तोंडावर आला. ओठ दातात सापडला, रक्ताची चव आली. बाबा कापत होते. रागाने नाही, मी नारळ मोडायला निघाले होते म्हणून. बाबुरावाला ते बरोबर कळलं. एक्सरे पाकिटात घालत म्हणाला, "म्हादू, तू देवाला मानणारा माणूस हाईस. तुझ्यावर माझा राग न्हाई." त्याच्या मिशीखाली हसू होतं. मला ते हसू कुऱ्हाडीने उभं फाडावंसं वाटलं. खरंच वाटलं. कुऱ्हाड ओंडक्यात मारली ती निघेना, शेवटी बाबांनी काढली.

जाताना सांगून गेला की आजपासून जीप बंद. कुणासाठीच येणार नाही.

८ मार्च, शनिवार

आज महिला दिन. कॉलेजात निर्भय मुलींवर भाषणं झाली म्हणे. निर्भय मुलगी घरी काजूबिया गोळा करतेय.

११ मार्च, मंगळवार

जीप नाही. कॉलेजची पोरं अंधार असताना घरातून निघतात, गुंदपर्यंत चालत. तांदूळ, मीठ, तेल सगळं डोक्यावरून येतंय. शेजारच्या मंगलवहिनीला आठवा महिना, काल तिच्या पोटात कळा आल्या. चौघांनी बांबूला घोंगडी बांधून तिला गुंदला नेलं. परत आणलं, बाळ ठीक आहे. पण झऱ्यावर मी गेले की बायका कळशा उचलतात आणि निघतात. आज एकीने ऐकू जाईल असं म्हटलं की एकीच्या हाताला खाज सुटली आणि अख्खा वाडा पायी चालतोय. मी कळशी तिथेच दगडावर आपटली. आमचीच कळशी, आमचाच तोटा.

रक्षिता आली. नखं कुरतडून बोटं लाल झालेली. म्हटलं, संदीपने अजून काही? मान हलवली, नाही. व्हिडिओ? खांदे उडवले. मला तिच्या त्या गप्प बसण्याचा इतका संताप आला! तिच्यासाठी मी परीक्षा, भरती, सगळं पणाला लावून बसले आणि ही भिंतीसारखी उभी. मी तिचे दंड धरून गदागदा हलवलं. ओरडले, तू का मारलं नाहीस त्याला? तुझ्या हातात पण डबा होता!

ती रडली नाही. म्हणाली, "अक्का, माझ्या बाबान सांगितलंय. कॉलेजात माझं नाव निघालं तर शिकणं बंद आनि लगीन. तू बोलू नको हां."

ती गेल्यावर आठवलं, माझ्या बोटांचे वळ तिच्या दंडावर उठले असतील. तिला धरायला संदीप आहे, हलवायला मी आहे. शी! स्वतःचीच किळस आली.

१४ मार्च, शुक्रवार

शिमगा. ढोल वाजत होते, बाप्ये देवळासमोर नाचत होते. मी लांब, आंब्याखाली. दुपारी दोन मोटारसायकली आल्या, चार पोरं, रामनगरची. संदीपच्या बरोबरची. रंग लावायला आलोय म्हणाली. माझं नाव घेऊन ओरडायला लागली — कुठं हाय ती दात पाडणारी? रंगाचे फुगे फेकले. एका फुग्यात दगड होता. तो बाबांच्या कपाळाला लागला. बाबा नाचता नाचता खाली बसले. गुलालाखालून रक्त आलं तर आधी कुणाला कळलंच नाही.

मला कळलं. काल पेटवलेली होळी अजून धुमसत होती. त्यातलं एक लाकूड ओढलं, हाताएवढं जाड, पुढचं टोक लाल. धावले. त्यांना वाटलं असेल पोरगी शिव्या देईल. एकाच्या पाठीवर ठेवून दिलं — शर्ट चर्र झाला. दुसऱ्याच्या खांद्यावर. एक मोटारसायकल टाकून पळाले, चौघे एकीवर! टाकलेल्या गाडीच्या सीटवर मी ते लाकूड ठेवलं आणि उभी राहिले. सीट पेटली. काळा धूर निघाला, रबराचा घाण वास.

मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. माझा हातही भाजलाय, त्याचंही काही वाटत नाही.

लोकांनी पाणी ओतून गाडी विझवली. मग सगळे माझ्याकडे बघत होते. कुणी बाबांकडे बघत नव्हतं! आईने त्यांच्या कपाळाला हळद दाबून धरली होती आणि वाडा मला विचारत होता, आता ह्या गाडीचं काय करायचं?

१७ मार्च, सोमवार

चौकशी झाली. पहाटेच निघाले. बाबा बरोबर आले, डोक्याला फडकं बांधून.

प्राचार्य, विनायक सर आणि पूर्णिमा मॅडम, ज्या आम्हाला मराठी शिकवतात. संदीप खुर्चीत, ओठाला टाके. मी उभी. त्याला विचारलं, तू देवकीला काही बोललास? नाही. रक्षिताला काही बोललास? नाही सर, त्या दिवशी एक शब्द नाही. खरंच सांगत होता! मला हसू फुटलं. प्राचार्य म्हणाले, हिला पश्चात्तापसुद्धा नाही. मग गाडीची सीट निघाली, भाजलेली पाठ निघाली. बाबांच्या कपाळाचं मी सांगितलं. ते गावात झालं, त्याचा कॉलेजशी संबंध नाही, असं उत्तर मिळालं. सीटचा होता!

रक्षिताला बोलावलं, ती शेजारी बसली होती म्हणून. देवकीने मारलं? हो. किती वेळा? मोजलं न्हाई. का मारलं? रक्षिता जमिनीकडे बघत राहिली. प्राचार्यांनी तिला जा म्हटलं.

मग पूर्णिमा मॅडम पुढे आल्या. पुरुषांना बाहेर पाठवू का, विचारलं. मी नको म्हणून मान हलवली. त्या अगदी जवळ येऊन हळू म्हणाल्या, "देवकी, तीन वर्षं बघतेय तुला. तू कारणाशिवाय झुरळ मारणार नाहीस. एक वाक्य दे मला, पुढचं मी लढते."

एक वाक्य. माझ्या तोंडात ते तयार होतं. दातांपर्यंत आलं. आणि मला मंगलवहिनीचं पोट दिसलं, रक्षिताच्या बापाचा चेहरा दिसला, झिलूआबांचा हात नारळाखाली. म्हटलं, मन झालं मॅडम. त्या मागे सरल्या. आता त्याही माझ्यावर चिडल्यात. चिडणारच.

निकाल असा. मी सोमवारी, चोवीस तारखेला, प्रार्थनेच्या वेळी सगळ्या कॉलेजसमोर संदीपची माफी मागायची. मागितली तर एक तारखेपासून निलंबन उठेल, परीक्षेला बसता येईल, दाखला चांगला मिळेल. नाही मागितली तर टी.सी., आणि वर्तणुकीच्या रकान्यात वाईट शेरा. म्हणजे परीक्षा गेली आणि भरतीही गेली.

बाहेर बाबुराव बाबांना चहा पाजत होता. बाबांनी कप हातात धरला होता, प्याले नव्हते. परतताना सबंध वाट ते एकच विचारत होते, मागशील न्हवं?

१९ मार्च, बुधवार

झिलूआबांकडे गेले. ते विळीवर फणस चिरत होते, हाताला तेल. म्हटलं, आबा, मला मोकळं करा. त्याने व्हिडिओ ठेवलाय, म्हणजे नारळ त्याने मोडला. मग माझ्यावर बंधन कशाचं?

आबांनी आणखी एक गरा काढला. त्याने मोडला तर त्याचं देव बघील, म्हणाले. आपण मोडायचा नाही. मी विचारलं, देवाला दिसायला किती दिवस लागतात? दुसरं कोणी असतं तर आबांनी विळीवरून उठून मारलं असतं. मला म्हणाले बस, फणस खा.

मी बसले नाही. विचारलं, बाबुरावाची जीप नसती तर पण तुम्ही नारळच फोडला असता? की पोलिसात गेलो असतो?

आबांची मान खाली गेली. "पावसात नदी भरती, देवकी," ते म्हणाले. "तवा ती जीपच येती. माझी सून त्याच जीपनं वाचली. मी काय करू सांग."

देवाच्या नावावर जीप राखली! सगळ्या वाड्याने! आणि मी तिथे हात ठेवून शहाण्यासारखी उभी होते. मला वाटत होतं मी देवाला घाबरतेय. येताना वाटेतल्या वारुळाला लाथ घातली. मुंग्या पायावर चढल्या, चावल्या. चावू देत.

आणि तरीही बोलता येत नाही. नारळाची भीती गेली, असं म्हणू. पण रक्षिताचं लग्न लावतील ते काही देव लावणार नाही, तिचा बाप लावेल.

२१ मार्च, शुक्रवार

आज तरव्याचं, म्हणजे भाताच्या रोपांचं, शेत भाजलं. पाला पसरायचा, वर माती, कडेने आग. आई आणि मी. धुराने डोळे चुरचुरत होते म्हणून बरं, कुणाचं पाणी कशाचं ते कळत नाही.

आई दाताळं टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "दोनच का पाडलेस?"

मी हसले. कितीतरी दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले. आईही हसली, पदर तोंडावर धरून. मग म्हणाली, तुझा बाबा रात्री जेवत न्हाई. मंगलचे दिवस भरत आले. बाबुराव म्हणतो, माफी मागितली की त्याच दिवशी जीप सुरू. "माग गो. तोंडान माग. पोटान नको मागू."

मागेन म्हटलं. तिच्याकडे न बघता म्हटलं आणि पाल्याचा भारा एवढ्या जोराने टाकला की ठिणग्या अंगावर आल्या.

२४ मार्च, सोमवार

मागितली.

मैदानात सगळ्या रांगा. राष्ट्रगीत झालं, सूचना झाल्या, मग माझं नाव. प्राचार्यांनी वाक्य पाठ करून घेतलं होतं, कन्नडमधलं. मी मराठीत म्हटलं. "संदीपला मारलं ही माझी चूक झाली. मी त्याची माफी मागते." माइक खरखरला. मागून कुणीतरी ओरडलं, ऐकू आलं न्हाई! पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हटलं.

संदीप समोर उभा होता, पाच पावलांवर. फोन काढून माझा व्हिडिओ करत होता. सगळ्यांसमोर, प्राचार्यांसमोर! कुणी त्याला फोन खाली ठेव म्हटलं नाही. पडलेल्या दातांच्या फटीतून जीभ दिसत होती. माझ्या दोन्ही मुठी पाठीमागे होत्या, नखं तळहातात रुतलेली. मनातल्या मनात मी त्याला तिथे मातीत घालून तुडवला. पहिल्या वाक्याला गुडघा, दुसऱ्याला बरगडी.

मुलींच्या रांगेत रक्षिता होती. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. ती संदीपकडे बघत होती, त्याच्या हातातल्या फोनकडे.

संध्याकाळी गुंदला जीप उभी. नागेशने पुढची सीट झटकून दिली, बस म्हणाला. मी मागे बसले. वाड्यात लोक आनंदले. मंगलवहिनीने हात धरला, तिच्यावर मी कशी रागावू? घरी येऊन स्वतःच्या दंडाला चावले. दातांचे वण उठलेत, अर्धा चंद्र.

२६ मार्च, बुधवार

माफीचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. नागेशच्या फोनवरही आला. त्याने पुसला, मला दाखवून पुसला. म्हटलं, पुसलेलं कुठे जातं ते मला माहीत आहे.

रक्षिता दोन दिवस आमच्याकडे आली नाही. कॉलेजला मात्र जातेय.

२८ मार्च, शुक्रवार

रक्षिताने आज संदीपला मारलं. कॅन्टीनमध्ये, पाण्याच्या स्टीलच्या तांब्याने. हात मोडला त्याचा, फोन धरायचा तो. नागेश गुंदहून हे सांगायला बाबुरावाची जीप तिथेच सोडून धावत आला.

ती एक शब्द बोलली नाही. दमून थांबली तेव्हा दुसऱ्या बाकावरून कविता उठली आणि तिने खुर्ची उचलून त्याच्या पाठीत घातली. कविता बी.कॉम.ची, आमची तिची ओळखसुद्धा नाही. मग आणखी दोघी उठल्या. विनायक सर धावले, पण पूर्णिमा मॅडम दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि मग संदीपचा पडलेला फोन सगळ्यांच्या आधी त्यांनी उचलला. चौघींना नोटीस मिळाली. का मारलं म्हणून विचारलं तर चौघी गप्प.

कविता बाजारकुणंगच्या वरच्या वाड्यातली. तिथेही बाबुरावाचीच जीप जाते. कुठल्या कुठल्या देवळाच्या पायरीवर किती नारळ फुटलेत, कोण जाणे!

उद्या सकाळी कॉलेजला जाते. मागितलेली माफी परत घ्यायची आहे.